विशी उलटलेल्या दुनियेत आज पाय ठेवावा का?

जुन्या ऑनलाइन गेमचा विषय निघाला की दोन प्रश्न पाठोपाठ येतात. 'अजून चालू आहे का तो?' आणि 'मग आता सुरू करण्यात काही अर्थ आहे का?' पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं, आणि ते ऐकून लोक चकित होतात. अल्टिमा ऑनलाइन सप्टेंबर १९९७चा, चालू आहे. एव्हरक्वेस्ट मार्च १९९९चा, चालू आहे. रूनस्केप जानेवारी २००१चा, फायनल फँटसी इलेव्हन मे २००२चा, ईव्ह ऑनलाइन मे २००३चा, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नोव्हेंबर २००४चा. जर्मनीत रेगेन्सबुर्गला घडलेला टिबिया तर जानेवारी १९९७पासून सुरू आहे आणि त्यात आवाज आले ते २०२२मध्ये. तोवर पंचवीस वर्षं लोक तो मुकाट्याने खेळत होते.

दुसरा प्रश्न अवघड आहे. या प्रकारच्या गेमला खेळणारे 'एमएमओ' म्हणतात. हजारो माणसं एकाच वेळी एकाच जगात वावरतात आणि तुम्ही संगणक बंद करून झोपलात तरी ते जग जागंच राहतं. १९९८मधला एखादा एकट्याने खेळायचा गेम आज काढला तर तो तसाच्या तसा मिळतो. एमएमओचं तसं नाही. २००४मध्ये लोकांनी जे खेळलं ते कुठल्याच डिस्कवर उरलेलं नाही, कारण त्यातलं अर्धंअधिक म्हणजे सोबतची माणसं होती. ती आता चाळिशीत आहेत आणि रात्री दहाला त्यांचे डोळे मिटतात. म्हणून 'गेम चांगला आहे का' एवढं विचारून भागत नाही. आज, या घडीला, नवा माणूस आत शिरला तर त्याच्या वाट्याला काय येतं, ते पाहावं लागतं.

नेहमीच्या तीन शंका आधी उरकून टाकू. चित्रं जुनाट दिसतात: दिसतात खरी, आणि आठवड्याभरात त्याची सवय होते. माणसं कमी झाली: झाली, पण एकूण आकड्यापेक्षा ती कुठे जमतात याला महत्त्व आहे, त्याकडे पुढे येतोच. तिसरी शंका, उद्या बंद पडला तर? अनुभव उलटा आहे. बंद पडतात ते तरुण गेम. वाइल्डस्टार २०१४मध्ये वाजतगाजत आला आणि २०१८मध्ये गेला. ॲमेझॉनसारख्या गडगंज कंपनीचा न्यू वर्ल्ड सप्टेंबर २०२१मध्ये उतरला तेव्हा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी नऊ लाखांवर माणसं त्यात होती. ऑक्टोबर २०२५मध्ये, जेमतेम चार वर्षांनी, आता यात नवं काही घालणार नाही असं कंपनीने जाहीर केलं. वीस वर्षं काढलेल्या गेमचा उभारणीचा खर्च केव्हाच वसूल झालेला असतो. थोडे कर्मचारी, थोडे सर्व्हर आणि न चुकता वर्गणी भरणारे निष्ठावंत एवढ्यावर त्याचं भागतं. अपवाद आहेत. स्टार वॉर्स गॅलक्सीज डिसेंबर २०११मध्ये संपला, सिटी ऑफ हीरोज नोव्हेंबर २०१२मध्ये. पण सिटी ऑफ हीरोज चाहत्यांनी आपल्या सर्व्हरवर पुन्हा उभा केला, आणि त्यांच्या 'होमकमिंग' या सर्व्हरला जानेवारी २०२४मध्ये एनसीसॉफ्ट या मालक कंपनीने रीतसर परवाना दिला. ज्याच्यावर लोकांचा इतका जीव जडतो तो गेम सहजासहजी मरत नाही.

माझ्या मते सगळा निकाल मधल्या भागावर लागतो. या गेमची रचना एका शिडीसारखी असते: पहिली लेव्हल, मग दहावी, विसावी, आणि वर कुठेतरी टोक. दर दोन-तीन वर्षांनी कंपनी शिडीला वरून नव्या पायऱ्या जोडते, कारण पैसे देणारे जुने लोक तिथे असतात. सगळी वस्ती वर सरकते. खालचे डोंगर, दऱ्या, गावं तशीच राहतात, पण ओस. पाच जणांनी मिळून मारायचा राक्षस समोर दिसतो आणि आसपास चिटपाखरू नसतं. मग कंपनी सोपा तोडगा काढते: खालचा प्रवास भराभर संपवा, नव्या माणसालाही वर पोचवा. त्याची गत शेवटच्या पंगतीला बसलेल्या पाहुण्यासारखी होते. वाढपी दमलेले, मांडव उतरवायची घाई. भाजी पानात पडते न पडते तोच जिलबी आणि मठ्ठा. पोट भरतं, जेवण होत नाही. हा मधला भाग कुणी कसा सांभाळला, यावरून मी या गेमची प्रतवारी करतो.

सर्वांत मोठं उदाहरण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं. २०१०मध्ये त्याचे एक कोटी वीस लाख वर्गणीदार होते. सुरुवातीला साठ असलेली लेव्हलची मर्यादा २०१८पर्यंत १२० झाली, आणि नव्या माणसाला हा डोंगर पाहूनच घाम फुटतो हे लक्षात आल्यावर २०२०मध्ये ब्लिझर्ड या त्याच्या कंपनीने सगळं आटवून पुन्हा साठवर आणलं. आता नवखा आधी एका बेटावर तासा-दोन तासांत प्राथमिक धडे गिरवतो आणि मग अलीकडच्याच एखाद्या प्रदेशात जाऊन पडतो. काम चोख झालंय. पण त्यात काय हरवलं ते एका ठिकाणावरून सांगतो. डेडमाइन्स नावाची खाण आहे. युद्धात पडलेलं स्टॉर्मविंड शहर गवंड्यांनी पुन्हा बांधलं, मजुरी मात्र बुडवली गेली; ते गवंडीच पुढे दरोडेखोर झाले आणि या खाणीत दडले, अशी तिची कथा. मूळ गेममध्ये वेस्टफॉलच्या पडीक शेतांतून फिरताना, उद्ध्वस्त घरांतल्या शेतकऱ्यांची कामं करताना ही हकिकत तुकड्यातुकड्यांनी कानावर यायची. मग पाच जण जमवायचे, त्यात तासभर जायचा, आणि आत शिरेपर्यंत त्या पाचांची ओळख झालेली असायची. आज एक बटण दाबलं की यंत्र चार अनोळखी माणसं आणून देतं. ढालवाला पुढे पळत सुटतो, कुणी चकार शब्द बोलत नाही, आणि वीसेक मिनिटांत सगळे पसार. दरोडेखोर का झाले बिचारे, हे विचारायला कुणाला सवड आहे?

म्हणून लोक मूळ आवृत्ती परत मागू लागले. २०१३च्या ब्लिझकॉन संमेलनात कुणी तसं विचारलं तेव्हा कंपनीच्या जे. ॲलन ब्रॅक यांनी, तुम्हाला ते हवंसं वाटतं पण खरं तर नकोय, अशा अर्थाचं उत्तर दिलं. ते उत्तर कंपनीला बरंच महागात पडलं. नॉस्टॅल्रियस नावाचा विनापरवाना चाललेला सर्व्हर कायद्याचा धाक दाखवून एप्रिल २०१६मध्ये बंद पाडला गेला, तेव्हा निषेधाच्या अर्जावर अडीच लाखांवर सह्या पडल्या. शेवटी ऑगस्ट २०१९मध्ये खुद्द ब्लिझर्डने 'क्लासिक' काढला आणि पहिल्या दिवशी आत शिरायला तासन्‌तास रांगा लागल्या.

आता नव्याने सुरू करणाऱ्याने क्लासिक घ्यावा का? घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. या गेममधलं प्रत्येक झाड, प्रत्येक शत्रू, प्रत्येक तलवारीची टक्केवारी लोकांना तोंडपाठ झाली आहे. २००५मध्ये कुणालाच काही कळत नव्हतं आणि त्यातच मौज होती. आज तुम्हाला एकट्यालाच कळत नसतं. टोळीत घ्यायच्या आधी तुमचं चिलखत तपासलं जातं. यावर मला सर्वांत पटलेला उपाय ऑगस्ट २०२३मध्ये आला: 'हार्डकोर' सर्व्हर. एकदा मेलात की ते पात्र कायमचं गेलं, पुन्हा पहिल्या लेव्हलपासून. मुरलेले खेळाडूही एखाद्या फालतू लांडग्यापायी मरतात आणि परत सुरुवातीच्या एल्विनच्या जंगलात येऊन रानडुकरं मारत बसतात. त्यामुळे खालच्या पायऱ्यांवर सतत गर्दी असते आणि नवख्याला सोबत मिळते. लोकांना वरून खाली ढकलून गाव वसवायची ही युक्ती क्रूर आहे, पण लागू पडली आहे.

एव्हरक्वेस्टने हेच दुखणं फार आधी ओळखलं होतं. २००६पासून त्याचे निर्माते असे सर्व्हर काढतात जिथे गेम १९९९च्या अवस्थेत सुरू होतो आणि पुढचे विस्तार क्रमाक्रमाने उघडतात. तीसहून अधिक विस्तार झालेल्या गेममध्ये शिरायचा एवढाच शहाणपणाचा दरवाजा आहे: असा नवा सर्व्हर उघडेल त्या पहिल्या आठवड्यात आत जा. इतर वेळी गेलात तर ओसाड नगरीत भाड्याचे संगणकी सैनिक घेऊन फिराल. चाहत्यांनी २००९मध्ये उघडलेला 'प्रोजेक्ट १९९९' हा आणखी एक मार्ग. २०१५मध्ये मालक डेब्रेक कंपनीशी त्यांचा समझोता झाला, त्यामुळे तिथे चोरटेपणाची भावना नाही. मात्र जुना एव्हरक्वेस्ट म्हणजे एका दगडापाशी तळ ठोकून एकाच राक्षसाची तासन्‌तास वाट पाहणं, हे मान्य असलं पाहिजे. अल्टिमा ऑनलाइनबद्दल इतकंच म्हणेन की इतिहास म्हणून दोन-चार संध्याकाळी जरूर फिरून यावं. घर बांधा, सुतारकी करा, बँकेपाशी उभे राहून गप्पा ऐका. राहायला जाऊ नये.

आता माझ्या यादीत पहिल्या नंबरावर असलेल्या गेमकडे येतो. रूनस्केप अँड्र्यू आणि पॉल गॉवर या भावांनी इंग्लंडात घडवला. ब्राउझरमध्ये चालायचा, त्यामुळे शाळा-कॉलेजच्या संगणकावरही चालायचा आणि मुलं शिक्षकांची नजर चुकवून खेळायची. २०१२च्या नोव्हेंबरात जॅजेक्स कंपनीने लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि खेळाडू घाऊक प्रमाणात निघून गेले. मग कंपनीच्या कपाटात ऑगस्ट २००७ची एक जुनी प्रत सापडली. ती पुन्हा चालू करावी का यावर मतदान घेतलं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली, आणि २२ फेब्रुवारी २०१३ला 'ओल्ड स्कूल रूनस्केप' सुरू झाला. हा तात्पुरता गहिवर आहे, वर्षभरात ओसरेल, असं अनेकांना वाटलं. २०१८मध्ये तो मोबाइलवर आला, २०२१मध्ये स्टीमवर, आणि आज तो मूळ गेमपेक्षा कितीतरी जास्त खेळला जातो.

का टिकला? एक कारण मतदान. गेममध्ये काहीही मोठं घालायचं तर आधी खेळाडूंना विचारायचं, आणि साध्या बहुमतावर भागत नाही: बरीच वर्षं ७५ टक्के लागायचे, आता ७० लागतात. नवं कौशल्य घालायचे प्रस्ताव लोकांनी एकामागून एक फेटाळले. २०२३मध्ये कुठे 'सेलिंग'ला, म्हणजे नौकानयनाला होकार मिळाला आणि ते नोव्हेंबर २०२५मध्ये प्रत्यक्ष आलं. आपल्या नगरपालिकेतही इतकी विचारपूस होत नाही.

दुसरं कारण, आणि नव्या माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचं: या गेमला मधला भाग असा वेगळा नाहीच, सगळा गेम म्हणजे मधला भाग. लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक, लोहारकाम, खाणकाम अशी चोवीस कौशल्यं, प्रत्येक ९९पर्यंत. सुरुवातीला मिळणारी एक गोष्ट, म्हणजे कथेतून नेमून दिलेली कामगिरी, पाहा. लंब्रिज किल्ल्यातल्या आचाऱ्याला ड्यूकच्या वाढदिवसाचा केक करायचाय आणि तुम्ही त्याला एक अंडं, बादलीभर दूध आणि मडकंभर पीठ आणून द्यायचं आहे. कुणी तुमच्या डोक्यावर बाण दाखवत नाही. गोठ्यात जाऊन गाय पिळा. शेतातून गहू खुडा, तो घेऊन पवनचक्कीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर चढा, गहू ओतायच्या तोंडात घाला, दांडा ओढा, मग खाली तळमजल्यावर येऊन पीठ भरून घ्या. सोबत मडकं आणायचं विसरलात की परत फेरा. या चक्कीपाशी कोण ना कोण असतंच. कुणी नवखा, कुणी पंधरा वर्षांचा जुना खेळाडू जो नवं पात्र काढून 'आयर्नमॅन' पद्धतीने, म्हणजे कुणाशी देवघेव न करता सगळं स्वतः मिळवत खेळतोय. दोघांनाही पीठ लागतंच.

या गेमची दुसरी बाजूही सांगायला हवी. एका कौशल्याच्या ९९व्या लेव्हलला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि त्यातली निम्मी वाट होते तेव्हा तुम्ही असता ९२वर. म्हणजे शेवटच्या सात लेव्हलना आधीच्या ब्याण्णवइतकेच कष्ट. गेमचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं, चित्रं चौकोनी-त्रिकोणी ठोकळ्यांची, आणि बराच वेळ तुम्ही झाडावर एकदा क्लिक करून दुसरं काहीतरी करत असता. कितीतरी लोक तो तसाच खेळतात: एका पडद्यावर ऑफिसची बैठक, कोपऱ्यात मासेमारी. ज्याला थरार हवा त्याला हे जाच वाटेल. लिहिणारे मात्र खट्याळ आहेत. दीडशेहून अधिक गोष्टी आहेत आणि त्यांतल्या चांगल्या गोष्टींना तिरकस इंग्रजी विनोदाची धार आहे. फुकटचा भाग मोठा आहे, तेवढ्यात महिनाभर सहज जातो. नाण्यांच्या बाजारात 'तुझे पैसे दुप्पट करून देतो' म्हणणारे भेटतील. वास्तवात जितका विश्वास ठेवाल तितकाच ठेवा. आणि स्वयंचलित बॉट भरपूर आहेत. तिथली नाणी बाहेर खऱ्या पैशाला विकली जातात; व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं तेव्हा तिथली माणसं या गेममध्ये हिरवे ड्रॅगन मारून घर चालवत होती. ते कळल्यापासून दिवसभर एकाच जागी ड्रॅगन मारणारं पात्र दिसलं की मला त्याचा राग येत नाही.

ईव्ह ऑनलाइनचं कोडं वेगळं आहे. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा हा गेम अवकाशात घडतो: हजारो सूर्यमाला, जवळजवळ सगळे खेळाडू एकाच विश्वात. इथे कौशल्य खेळून वाढत नाही, खऱ्या घड्याळाने वाढतं. रांगेत लावा आणि झोपी जा, सकाळी थोडं पुढे सरकलेलं असेल. म्हणजे २००३पासून वर्गणी भरणारा तुमच्या वीसेक वर्षं पुढे आहे आणि घड्याळ त्याच्यासाठीही चालूच आहे. २०१६पासून कौशल्याचे गुण बाजारात विकत मिळू लागले, पण ते महाग.

तरीही नवा माणूस इथे निरुपयोगी नसतो, आणि याचं श्रेय रचनेला आहे. प्रत्येक कौशल्य पाचव्या पायरीवर थांबतं. वीस वर्षांचा म्हातारा शंभर जहाजं चालवू शकत असेल, पण एका छोट्या जहाजापुरती कौशल्यं तुम्ही काही महिन्यांत त्याच्या बरोबरीला आणू शकता. शिवाय लढाईत पहिलं काम असतं समोरच्याला पळू न देण्याचं. त्याच्या इंजिनाला खीळ घालणारं यंत्र बसवलेलं फ्रिगेट, म्हणजे स्वस्तातलं छोटं जहाज, पुरतं. शंभरपट महागडं जहाज तुमच्यासारख्या पोरसवदा वैमानिकामुळे जागेवर अडकतं आणि मागून तुमची टोळी येते. तुम्ही बहुधा मरता, पण जहाज स्वस्त असतं आणि टोळी ते भरून देते. ज्या युद्धांच्या बातम्या झाल्या त्यांतही असे शेकडो बारके होते. जानेवारी २०१४मध्ये बी-आर५आरबी नावाच्या ताऱ्यापाशी साडेसात हजारांवर पात्रं एकवीस तास लढली, ७५ टायटन जहाजं फुटली आणि नुकसानीचा अंदाज तीन लाख डॉलर निघाला. भडका कशामुळे उडाला? त्या मुलखावरचा हक्क राखायचं बिल कुणीतरी भरायचं राहिलं.

पण ईव्ह एकट्याने खेळायचा म्हणाल तर सरळ नको म्हणेन. एकटा माणूस खाणकाम करतो, कंटाळतो आणि पंधरवड्यात सोडतो. पहिल्याच आठवड्यात एखाद्या कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघटनेत, शिरा. ईव्ह युनिव्हर्सिटी नावाची, खेळाडूंनीच २००४पासून चालवलेली संस्था नवख्यांना शिकवण्यासाठीच आहे. रीतसर वर्ग घेतात. फसवणूक इथल्या नियमांत बसते, हे मात्र पहिल्या दिवशी मनावर कोरून ठेवावं. गेममधल्या जीटा नावाच्या बाजारात कुणी फारच उदार झाला की समजून चुका.

उरलेल्यांकडे झपाट्याने पाहू. फायनल फँटसी इलेव्हन एके काळी सहा जणांच्या टोळीशिवाय हलत नसे. डिसेंबर २०१३मध्ये त्यात 'ट्रस्ट' आले, गेममधलीच पात्रं सोबतीला बोलावता येतात, आणि गेम एकट्याने खेळायच्या लांबलचक कादंबरीसारखा झाला. नोंदणी आणि इन्स्टॉलची कटकट इतकी जुनाट आहे की तोच पहिला राक्षस समजावा. त्याचा धाकटा भाऊ फायनल फँटसी फोर्टीन २०१०मध्ये आपटला आणि ऑगस्ट २०१३मध्ये नव्याने उभा राहिला; कथेसाठी खेळणाऱ्याला त्याची वेळेचं बंधन नसलेली फुकट चाचणी सत्तराव्या लेव्हलपर्यंत जाते, याहून जास्त कुणी काय द्यावं. लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन २००७चा आहे आणि तो टोल्किनच्या वाचकाने घ्यावा, इतरांनी नाही. शायरमध्ये टपाल वाटत फिरायचं, कुणा हावरट हॉबिटच्या नजरेला न पडता 'पाय' नावाचं पक्वान्न पोचवायचं, पायवाटेने ब्री गावापर्यंत चालत जायचं. लढाई मिळमिळीत आहे, पण त्या मुलखात फिरण्याचं समाधान खरं आहे.

गिल्ड वॉर्स टू ऑगस्ट २०१२चा, म्हणजे या यादीत पोरगाच. पण मधल्या भागाचा प्रश्न सर्वांत हुशारीने यानेच सोडवला. ऐंशी ही मर्यादा पहिल्या दिवसापासून आजवर बदललेली नाही आणि ताकदवान खेळाडू खालच्या प्रदेशात आला की गेम त्याची ताकद त्या प्रदेशाइतकी कमी करतो. क्वीन्सडेलच्या दलदलीत दर दोन तासांनी शॅडो बेहेमथ नावाचं भूत निघतं. घड्याळ लावून पाहा: वेळ जवळ आली की पाचव्या-सहाव्या लेव्हलच्या पोरासोरांबरोबर दहा वर्षांचे जुने वीर पंखबिंख लावून हजर असतात, कारण बक्षीस त्यांनाही हवं असतं. वर्गणी नाही, मूळ गेम फुकट. नोकरी-संसार सांभाळून आठवड्यातून चार तास खेळणाऱ्याला मी डोळे मिटून हाच सुचवतो, जरी माझं स्वतःचं मन रूनस्केपच्या पिठाच्या चक्कीत अडकलेलं आहे.

आपल्याकडून खेळताना काही अडचणी निघतात त्या गेमच्या वयाशी थेट संबंधित नाहीत, पण निर्णय त्यांवरही ठरतो. वर सांगितलेल्यांपैकी बहुतेकांचे सर्व्हर युरोप-अमेरिकेत आहेत. पुण्या-मुंबईहून युरोपपर्यंत संदेश जाऊन यायला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागतो, अमेरिकेला त्याहून जास्त. इथे म्हातारपण पथ्यावर पडतं: यांतले जुने गेम डायल-अप मोडेमच्या काळात घडले, त्यांना सबुरी ठाऊक आहे. ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालणाऱ्या रूनस्केपला दिरंगाई फारशी जाणवतच नाही. वेळेचं गणित जास्त त्रासाचं. युरोपातला उन्हाळ्यातला रात्रीचा आठ म्हणजे आपल्याकडे साडेअकरा. न्यूयॉर्कचा रात्रीचा आठ म्हणजे आपली पहाट. अमेरिकी गिल्डमध्ये, म्हणजे तिथल्या खेळाडूंच्या मंडळात, शिरलेला माणूस एक तर पहाटे उठतो किंवा झोपतच नाही. ऑस्ट्रेलियाचे सर्व्हर जिथे आहेत तिथे संध्याकाळ जरा लवकर जमते, एवढाच दिलासा.

पैशाचं म्हणाल तर वॉरक्राफ्टची महिन्याची वर्गणी अमेरिकेत पहिल्यापासून पंधरा डॉलर आहे, आपल्या हिशेबाने तेराशे रुपयांच्या आसपास. ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचे दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक झाले आणि परदेशी वर्गण्या कार्डावरून अचानक अडकू लागल्या. त्यामुळे एकरकमी किंवा, जिथे जमेल तिथे, स्टीमवरून भरणं सोयीचं. घरच्यांना 'ऑनलाइन गेम' म्हटल्यावर रमी आठवत असेल तर त्यांना सांगा की २०२५च्या कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या डावांवर, वर्गणी भरून लाकडं तोडण्यावर नाही.

एक खर्च मात्र टाळा. वॉरक्राफ्टच्या दुकानात थेट वरच्या लेव्हलला नेऊन सोडणारा 'बूस्ट' मिळतो. ज्याने तो गेम आधी पाच वेळा वर नेलाय त्याच्यासाठी तो ठीक आहे. नव्या माणसाने घेतला तर समोर बटणांच्या तीन रांगा येतात, कुठलं कशाचं ते ठाऊक नसतं, आणि डेडमाइन्ससारख्या पहिल्याच डंजनमध्ये कुणीतरी विचारतं, "तू इथवर आलास कसा?"